बालवाडीच्या ताईंच्या शिकण्याची नोंद कुठे असते?

शेवंती | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहायला बसले.

मी १७ वर्षं बालवाडीत शिकवते. सुरुवात गावातल्या देवळाच्या ओसरीत भरणाऱ्या बालवाडीत झाली. लग्नानंतर शहरात आले आणि तीन वेगवेगळ्या शाळांत काम केलं. मधल्या काळात, मुलगी पोटात असताना, इग्नूची बालसंगोपन आणि बालशिक्षणाची पदविका पूर्ण केली. गेल्या महिन्यात एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. नव्या शिक्षिकांना तयार करायची जागा होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अगदी आपुलकीनं विचारलं, "या १७ वर्षांत तुम्ही काय काय शिकलात, त्यातलं काही दाखवाल का?"

माझ्या पिशवीत पदविकेचं प्रमाणपत्र होतं, दोन कार्यशाळांची लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं होती आणि अनुभवाचे दाखले होते. एका दाखल्यावर "वर्तणूक समाधानकारक" एवढे दोनच शब्द. एक शाळा बंद पडली, तिचा दाखला मिळण्याची आशा नाही. एका शाळेनं चार महिने खेटे घालायला लावून दाखला दिला, त्यात माझं पद "मदतनीस" लिहिलेलं. मी तिथे सहा वर्षं एकटीनं ३२ मुलांचा वर्ग सांभाळला होता.

मला खरोखर जे येतं त्यातलं काहीच त्या पिशवीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात दाराशी रडणाऱ्या मुलाला ओढून आत आणायचं नसतं. आपण त्याच्याजवळ उंबऱ्यात बसून मातीत रेघा ओढायच्या, म्हणजे थोड्या वेळानं तेही बोट पुढे करतं. चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबण्याआधी कणीक, माती, मणी, चिमटे असं महिनोन्‌महिने द्यायचं, बोटांत बळ आलं की रेघ आपोआप सरळ येते. "माझा मुलगा अजून ए बी सी डी लिहीत नाही" म्हणून तावातावानं आलेल्या वडिलांना वर्गात बसवून घ्यायचं आणि मुलगा काय काय करतो ते त्यांनाच बघू द्यायचं. हे मी चुका करत शिकले. पहिली पाच वर्षं मीही तीन वर्षांच्या मुलांना गिरवायला लावत होते, आणि ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

माझे प्रश्न साधे आहेत. तुम्ही स्वतःच्या शिकण्याची नोंद ठेवता का? कशी ठेवता? आणि पुढची पायरी चढताना ती कुणी मानतं का?

मनवा_कोथरूड | सोमवार, रात्री १०:५०

शेवंती, सगळ्यात आधी आहेत तेवढे कागद स्कॅन करून ठेव. माझी दोन प्रमाणपत्रं पावसाळ्यात कपाटाला ओल आल्यामुळे गेली. आणि पद चुकीचं लिहिलेला दाखला बदलून माग, लेखी अर्ज देऊन. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

नर्मदाकाठ | मंगळवार, सकाळी ६:०५

ताई, मी अंगणवाडी सेविका. नंदुरबार जिल्ह्यात, डोंगरातल्या पाड्यावर. २२ वर्षं झाली. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून केंद्रावर जायच्या आधी लिहिते.

आमचं प्रशिक्षण होत नाही असं नाही. लागल्यावर जॉब कोर्स झाला, २६ दिवसांचा, घर सोडून प्रशिक्षण केंद्रात राहिले होते. मग रिफ्रेशर. नंतर 'इला' (टप्प्याटप्प्यानं शिकायचा कार्यक्रम) आलं, त्यात एकेक करून २१ भाग, दर महिन्याच्या बैठकीत थोडं थोडं. बालशिक्षणाच्या 'आकार' अभ्यासक्रमाचं झालं. अलीकडे 'पोषण भी पढाई भी'चं तीन दिवसांचं. प्रत्येक वेळी हजेरीपटावर सही केली, चहा-जेवण झालं, घरी आले. ती हजेरी प्रकल्प कार्यालयात जाते. माझ्याकडे त्यातलं काय आहे? जॉब कोर्सचा एक कागद. बाकी २२ वर्षांत मी कधी काय शिकले हे कुणी विचारलं तर मला आठवूनच सांगावं लागेल.

नोंदी आम्ही थोड्या करतो का? एके काळी ११ रजिस्टरं होती. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. मुलाचं वजन, उंची, गरोदर बाईची भेट, घरपोच आहार, सगळं रोज भरते. रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून भरते. त्या ॲपमध्ये गावातल्या प्रत्येक लेकराची वाढ दिसते. मी किती वाढले ते लिहायला कुठे जागाच नाही.

बीटवरची | मंगळवार, दुपारी १:३०

मी निवृत्त मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. नर्मदाकाठ, तुमची शेवटची ओळ वाचून मोबाईल बाजूला ठेवून बसले थोडा वेळ.

दुसऱ्या बाजूचं सांगते. माझ्या बीटमध्ये साधारण २५ अंगणवाड्या होत्या. भेटीला गेले की भेटवहीत शेरा लिहायचा. माझे जुने शेरे मी आठवून बघतेय. "वजनं वेळेवर घ्यावीत." "परिसर स्वच्छ ठेवावा." "तक्ते अद्ययावत करावेत." एका सेविकेकडे मी गोष्ट ऐकत अर्धा तास उभी राहिले होते. उंदराची गोष्ट होती, मुलं श्वास रोखून ऐकत होती, आणि एक बोबडं बोलणारं पोर मध्येच उठून स्वतः उंदीर झालं. बाईंनी त्याला बसवलं नाही, गोष्टच त्याच्या हाती दिली. त्या दिवशी माझा शेरा काय? "टीएचआर (घरपोच आहार) नोंदवही अपूर्ण." मी हे कबूल करते, कारण नवीन मुख्यसेविका हा धागा वाचत असतील तर त्यांनी माझ्यासारखं करू नये. भेटवहीतली एक ओळ सेविकेच्या शिकवण्याबद्दल लिहा. तेवढीच तिची कागदावरची ओळख असते.

आणि याचा थेट संबंध बढतीशी आहे. सक्षम अंगणवाडीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की पर्यवेक्षिकेच्या ५० टक्के जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांतून भरायच्या, आणि सेविकांच्या ५० टक्के जागा पाच वर्षं झालेल्या मदतनिसांतून, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. अट येते शिक्षणाची. चांगल्या चांगल्या सेविका तिथे अडतात. म्हणून माझ्या बीटमधल्या मुलींना मी मागे लागून मुक्त विद्यापीठातून पदवी करायला लावायचे. चौघींनी केली. एक आज मुख्यसेविका आहे.

खडूफळा | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. या चर्चेत एक फरक मांडावासा वाटतो.

माझं सेवापुस्तक आहे. मी रुजू झालो तो दिवस, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, परीक्षा, प्रशिक्षण, सगळं त्यात आहे. १२ वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षं झाली की निवड श्रेणी, आणि त्यासाठी ठरलेलं प्रशिक्षण करावंच लागतं. त्या प्रशिक्षणाबद्दल आमच्याही तक्रारी आहेत, पण शिकण्याचा आणि पगाराचा धागा कुठेतरी जोडलेला आहे. माझ्या शाळेच्याच आवारात अंगणवाडी भरते. तिथल्या ताई माझ्या आधीपासून आहेत. माझ्या पहिलीत येणारं प्रत्येक मूल त्यांच्या हाताखालून येतं. त्यांना सेवापुस्तक नाही, श्रेणी नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे कागदावर त्या ताई आणि मी एकाच टप्प्याचे शिक्षक झालो. धोरणात असंही आहे की बारावी किंवा जास्त शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असावा, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, आणि महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हावा. शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असंही त्यात म्हटलंय. अडचण अशी की मी शालेय शिक्षण विभागाचा आणि ताई महिला व बालविकास विभागाच्या. एकाच आवारात, एकाच झाडाखाली, दोन वेगळी खाती. माझे तास मोजणारं पोर्टल त्यांना ओळखत नाही.

शेवंतीताई, तुमच्यासारख्या खाजगी बालवाडीतल्या शिक्षिका तर या दोन्ही खात्यांच्या बाहेर राहतात. तुमची अवस्था सर्वांत एकाकी आहे.

ऑस्टिनची_ओवी | बुधवार, पहाटे ४:२० (इथे अजून मंगळवार संध्याकाळ)

मी टेक्सासमध्ये एका बालसंगोपन केंद्रात तीन वर्षांच्या मुलांना शिकवते. मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, काही वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती. परवानगी मिळाल्यावर या क्षेत्रात आले. इथली पद्धत सांगते, घेण्यासारखी आहे आणि न घेण्यासारखीही.

इथे राज्याची एक ऑनलाइन नोंदवही आहे. माझ्या नावाचं खातं. मी कुठे किती काळ काम केलं, काय शिकले, कोणती प्रशिक्षणं केली, सगळं त्यात चढतं. नोकरी बदलली तरी खातं माझ्याबरोबर येतं. शेवंती, तुझी शाळा बंद पडली तसं माझं पहिलं केंद्रही बंद पडलं, पण तिथला माझा अनुभव त्या खात्यात शाबूत आहे. केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीला वर्षाला २४ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे.

याशिवाय मी सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) नावाची राष्ट्रीय पात्रता मिळवली. त्यासाठी १२० तासांचं शिक्षण लागतं, आठ विषयांत विभागलेलं, प्रत्येक विषयाचे किमान १० तास. मुलांबरोबर ४८० तासांचं काम. एक परीक्षा. पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते फायलीनं. त्या फायलीत आपण आपल्या कामाबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायचं: मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय करते, भाषेसाठी काय करते, घरच्यांशी नातं कसं जोडते. पालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्याही त्यात असतात. मग एक अनुभवी बाई येऊन तुम्हाला वर्गात काम करताना बघतात आणि नंतर समोरासमोर बसून बोलतात, कुठे जमतंय, कुठे नाही, पुढे काय ठरवायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शिकवण्याबद्दल माझ्याशी तासभर बोललं. मी घरी येऊन आईला फोन करून रडले होते, आनंदानं.

ही पात्रता तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, ४५ तास नवं शिक्षण दाखवून.

मनवा_कोथरूड | बुधवार, सकाळी ९:३०

ओवी, हे सगळं छान वाटतं, पण २४ तास भरले म्हणजे २४ तास शिकले असं होतं का? आमच्या शाळेत ऑनलाइन कोर्स करायला लावतात. व्हिडिओ लावून ठेवायचा, बायका शेजारी वह्या तपासतात, शेवटी पाच प्रश्न, आणि प्रमाणपत्र. माझ्याकडे अशी १९ प्रमाणपत्रं आहेत. त्यातल्या दोन कोर्सेसमधलं मला काही आठवतं.

ऑस्टिनची_ओवी | बुधवार, संध्याकाळी ६:०२

मनवा, तुझं पूर्ण पटतं. इथेही वर्षअखेरीला तास कमी पडलेत म्हणून एका शनिवारी आठ तासांचे व्हिडिओ उरकणाऱ्या मैत्रिणी आहेत. पगार इतका कमी की त्या दुसरी नोकरीही करतात, त्यांना दोष कसा देऊ? म्हणून मी तासांच्या नोंदीपेक्षा फायलीबद्दल जास्त लिहिलं. तास दुसरं कुणी मोजतं, फाईल आपली आपण लिहितो.

पालक_नाशिक | बुधवार, रात्री ९:४५

माझी मुलगी साडेतीन वर्षांची. पाच शाळा बघितल्या. एसी, कॅमेरे, पोहण्याचा तलाव, सगळं विचारलं. शिक्षिकांचं शिक्षण काय, त्या दरवर्षी काय नवं शिकतात, हे एकदाही विचारलं नाही. उद्या जाऊन विचारणार आहे. धन्यवाद.

झेंडूचं_फूल | गुरुवार, सकाळी ११:१०

मी संघटनेत काम करते, सेविकांच्या. थोडं परखड लिहिते, राग मानू नका.

वही ठेवा, फाईल ठेवा, हे सगळं आणखी एक काम आहे. आणि ते बिनपगारी आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून आम्ही संपावर होतो, थंडीत, आझाद मैदानात. त्या वेळी सेविकेचं मानधन १०,००० होतं. पुढे २०२४ मध्ये ते वाढून १३,००० झालं. 'मानधन' हा शब्दच बघा. शिक्षिकेला वेतन, आम्हाला मानधन. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सेविका ही नागरी सेवेतली पदधारक नाही. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयानं सांगितलं की त्या वेळचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सेविका-मदतनिसांना लागू होतो. हा निकाल आम्हाला देवासारखा वाटला, कारण त्यात आमच्या कामाकडे काम म्हणून बघितलं होतं.

माझं म्हणणं, शिकण्याची नोंद जर बढतीत आणि पैशात दिसणार नसेल तर ती बाईच्या डोक्यावर अजून एक हंडा आहे.

शेवंती | गुरुवार, दुपारी ३:००

झेंडू, राग कसला? तुमच्यासारख्यांनी मैदानात बसून मिळवलं म्हणून बाकीच्यांना बोलायला तोंड आहे. नोंद पैशाशी जोडली गेली पाहिजे, हे शंभर टक्के. पण मला वाटतं जोडण्यासाठी आधी नोंद तर हवी. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा किती वर्षं काम केलं ते दाखवावं लागतंच ना? रुजू झाल्याचा आदेश सांभाळलेला असेल तीच बाई तिथे ठामपणे उभी राहील. माझ्याकडे माझ्या पहिल्या बालवाडीचा नेमणुकीचा कागदच नाही, कारण तो दिलाच नव्हता. गुरुजींनी आईला सांगितलं, "उद्यापासून पाठवा तिला," झाली नेमणूक.

कोसबाडची_वाट | गुरुवार, रात्री १०:३०

थोडं मागे जाऊन लिहितो. बालशिक्षिकेनं स्वतःचं काम बघत, तपासत राहणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपल्या बालशिक्षणाचा जन्मच त्यातून झाला.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक चालवलं, ते बालशिक्षणातल्या लोकांनी एकमेकांशी बोलावं, शिकावं म्हणून. मग ताराबाईंच्या मनात आलं की माँटेसरीची महागडी साधनं गावातल्या मुलाला कुठून मिळणार? १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. शिंपले, बिया, काड्या, माती ही साधनं झाली. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी पडलं, त्या शब्दामागे हे अंगण आहे.

माझा मुद्दा असा. "मुलं येत नाहीत, का येत नाहीत, मग मी काय बदलू?" हा प्रश्न या बायकांनी स्वतःला विचारला आणि पद्धत बदलली. बालविधवा झालेल्या अनुताई नोकरी सांभाळत शिकत राहिल्या, म्हातारपणी दृष्टी अधू झाली तरी काम सुटलं नाही. शेवंतीताई, तुम्ही पहिली पाच वर्षं गिरवायला लावत होतात आणि मग थांबलात, असं वर लिहिलंय. का थांबलात? ते कुणी शिकवलं? त्याची नोंद जगातल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहे. ती लिहा.

शेवंती | गुरुवार, रात्री ११:५५

एका मुलानं शिकवलं. नाव लिहीत नाही, आता तो बारावीत असेल. रोज गिरवायची पाटी समोर ठेवली की तो दोन्ही हात पाठीमागे लपवायचा. मी ते हट्ट समजत होते. एकदा रांगोळी घालताना तो माझ्याजवळ येऊन बसला आणि चिमटीत रांगोळी धरून एक सुंदर वळणदार रेघ ओढली. हात लपवायचं कारण हट्ट नव्हतं, भीती होती. मी त्या दिवशी सगळ्या पाट्या कपाटात ठेवल्या आणि आठवडाभर फरशीवर रांगोळी दिली. मुख्याध्यापिका रागावल्या. मग मी पदविकेला नाव घातलं, कारण मला कळेना की मी बरोबर केलं की चूक.

हे मी आज पहिल्यांदा लिहिलं.

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ७:४०

हेच मुलाखतीत सांगायला हवं होतं ताई.

नर्मदाकाठ | शुक्रवार, रात्री ८:२०

काल-आजचं सगळं वाचलं. मी एक वही करते, कुणी सांगितलेली नाही. लेकीची दहावीची अर्धी कोरी राहिलेली वही आहे. त्यातलं एक पान इथे उतरवते, बघा काही उपयोग होतो का. 'पो' हे एका मुलाच्या नावाचं अक्षर.

"श्रावण. पाचवा दिवस. पो. दोन महिने झाले एक शब्द बोलत नाही. मोठ्यांदा गाणं म्हटलं की कोपऱ्यात जातो. मला वाटलं ऐकू येत नसेल. आज मागून टाळी वाजवली, वळून बघितलं. म्हणजे ऐकू येतं.

आज त्याच्या आजीकडे गेले. घरात पावरी बोलतात, मराठी कुणी बोलत नाही. मला एक ते दहा पावरीत येत नाही, बावीस वर्षं इथे असून. आजीकडून लिहून घेतलं, पाठ केलं.

सातवा दिवस. चिंचोके मोजायला दिले. मी पावरीत मोजलं, चुकले. सगळी मुलं हसली. पो पण हसला. मग त्यानं मला दुरुस्त केलं. पहिला शब्द.

शिकले: मूल मुकं नव्हतं, माझा वर्ग त्याच्या भाषेत मुका होता. पुढे काय: आठवड्यातली एक गोष्ट पावरीत. आजीला गोष्ट सांगायला बोलवणे."

आजी आली. दर बुधवारी येते. आता आणखी दोघी येतात.

झेंडूताई, तुमचं खरं आहे, हे मी बिनपगारी केलं. पण ही वही मी ऑफिससाठी लिहीत नाही. पुढच्या श्रावणात दुसरा पो आला तर मला दोन महिने वाया घालवायचे नाहीत, म्हणून लिहिते.

झेंडूचं_फूल | शुक्रवार, रात्री ९:०५

ताई, माझे शब्द मागे घेत नाही, पण तुमचं पान मी आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर. अधिकाऱ्यांसमोर मागणी मांडताना आम्ही नेहमी कामाचे तास आणि महागाई मांडतो. हे कधी मांडलं नाही. "हे काम शिक्षिकेचं आहे" हे सिद्ध करायला याहून चांगला कागद कुठला?

नर्मदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:३०

परवानगी आहे. मुलाचं अक्षर बदला फक्त.

बीटवरची | शनिवार, सकाळी ८:००

नर्मदाकाठच्या पानावरून आणि ओवीच्या फायलीवरून मला सुचतं ते असं, की दोन वस्तू वेगळ्या ठेवाव्यात. एक पिशवी पुराव्यांची: नेमणुकीचा आदेश, मानधन जमा होतं त्या पासबुकाच्या प्रती, प्रत्येक प्रशिक्षणाची तारीख, ठिकाण, विषय आणि प्रशिक्षकाचं नाव. प्रमाणपत्र मिळत नसेल तर हजेरीपटाचा फोटो घ्यायला लाजू नका, तुमचीच सही आहे त्यावर. शाळा सोडताना दाखल्यावर पद, वयोगट आणि मुलांची संख्या लिहून घ्या, नुसतं "समाधानकारक" नको. बंद पडलेल्या शाळेच्या बाबतीत जुन्या पालकांची पत्रं घ्या. सरकारी भरतीत ती चालणार नाहीत, पण खाजगी संस्थेत बोलायला आधार होतो.

दुसरी ही वही. महिन्याला एक पान पुरे. रोज लिहायला जाल तर पंधरा दिवसांत बंद पडेल, मी अशा पुष्कळ रोजनिश्या बघितल्यात, जानेवारीत भरलेल्या आणि फेब्रुवारीत कोऱ्या.

मनवा_कोथरूड | शनिवार, सकाळी १०:१५

महिन्याला एक पान जमेल. पण ओवीच्या गोष्टीत कुणीतरी येऊन वर्ग बघतं, मग बोलतं. आपल्याकडे कोण येणार? आमच्या शाळेत बाई वर्गात येतात त्या फक्त फळा नीट पुसलाय का बघायला.

बीटवरची | शनिवार, सकाळी १०:४०

तुझ्याच शेजारच्या वर्गातली. महिन्यातून एकदा अर्धा तास तू तिच्या वर्गात मागे बसायचं, एकदा तिनं तुझ्या. बोलायचं नाही, फक्त एका मुलाकडे बघायचं. मग चहाला बसून जे दिसलं ते सांगायचं. वहीच्या पानाखाली दोघींनी सही करायची. मी निवृत्त झाले तरी पाय धड आहेत. पुण्याच्या आसपास कुणाला हवं असेल तर मी येऊन मागच्या बाकावर बसेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवंती | रविवार, रात्री ९:२०

बीटवरच्या मावशींना व्यनि केला आहे. सोमवारी पद चुकलेल्या दाखल्यासाठी लेखी अर्ज देतेय, त्याची पोच घेऊन इथे कळवते. आणि त्या मुलाखतीच्या बाईंना मेल पाठवला: रांगोळीची गोष्ट, दीड पान, हातानं लिहून फोटो काढून. अजून उत्तर नाही.

वही आणली. मुखपृष्ठावर मुलीनं चिंचोक्यांचं चित्र काढून दिलंय, नर्मदाकाठ, तुमच्यासाठी.